दुबईच्या बर्फात खंडेनवमी

मी चौतीस वर्षं बर्फ तयार केला. रत्नागिरीच्या बंदरावर आमचा कारखाना आहे. खरं तर शेठचा, पण इतक्या वर्षांनी माणूस ‘आमचा’च म्हणतो. अमोनियाचे दोन कॉम्प्रेसर, खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात बुडवून ठेवायचे पत्र्याचे डबे आणि त्या डब्यांतून निघणाऱ्या लाद्या. लाद्या फोडायच्या, लाँचवर भरायच्या, मासळी टिकवायची. अशा माणसाने बर्फ बघायला विमानात बसावं, आणि तेही वाळवंटात जावं, हे ऐकून आमच्या आळीची पुष्कळ करमणूक झाली. परत आल्यावर ‘काय बघितलंत दुबईत?’ असं ज्याने विचारलं त्याला मी ‘बर्फ’ एवढंच सांगितलं, आणि तो थट्टा समजून निघून गेला. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतो.

बर्फ हे निमित्त होतं, हेही आधीच सांगतो. शेठना मूलबाळ नाही आणि आता वय झालंय. त्या वर्षी गणपतीत त्यांनी मला घरी बोलावलं आणि म्हणाले, “कारखाना तू चालवायला घे. नाहीतर दिवाळीनंतर बंद करतो आणि जागा लॉजवाल्याला देतो.” मी एकसष्ट वर्षांचा, अमोनियाने छाती धरलेली. एकट्याच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती. पण माझा मुलगा नितीन रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा झालेला आहे. नऊ वर्षं आखातात आहे, आधी जबल अलीच्या शीतगृहांत आणि गेलं वर्षभर दुबईतल्या एका मॉलमध्ये. या मॉलच्या पोटात बर्फाचा उतार आहे. लोक तिथे पायाला पट्ट्या बांधून घसरतात, आणि तो बर्फ करणाऱ्या पथकात नितीन आहे. म्हणजे धंदा माझाच. तो परत आला तर कारखाना राहणार, नाही आला तर जाणार. हे त्याला फोनवर विचारण्यासारखं नव्हतं, म्हणून मी निघालो.

सौ. सुलभाने निघतानाच बजावलं होतं, “विचारायचं ते तुम्ही विचारा. माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.”

शारजा

नितीनचं घर शारजात, नोकरी दुबईत. या दोन गावांमध्ये अंतर असं काही नाही, पण गाड्या इतक्या की सकाळी निघालेला माणूस बापुडवाणा होऊन पोचतो. सून प्राची जवळच्याच एका दवाखान्यात लॅबमध्ये आहे. नात ईशा दुसरीत. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्या घरचा रिवाज आहे. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, “आजोबांना ओळखलंस का?” ती म्हणाली, “ऑफ कोर्स. यू आर ऑन द फ्रिज.” फ्रिजवर माझा कारखान्याच्या दारातला फोटो चुंबकाने लावलेला होता.

आम्ही गेलो तेव्हा रमजान चालू होता. दसरा आणि रमजान त्या वर्षी एकत्र आले होते. दिवसा हॉटेलं बंद, आणि रस्त्यावर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असा तिथला कायदा. हे नितीनने विमानतळावरच सांगितलं होतं आणि मी ते दुसऱ्या दिवशीच विसरलो. ऊन असं की डोळे किलकिले करून चालावं लागत होतं. मी एका किराणा दुकानासमोर उभा राहून बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात आतून एक पठाण दुकानदार धावत आला. मला वाटलं आता ओरडणार. त्याने माझा दंड धरला, आत नेलं, तांदळाच्या पोत्यांमागे स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, “चाचा, इधर आराम से पियो. बाहर शुर्ता देखेगा तो मुश्किल होगा.” शुर्ता म्हणजे पोलीस. स्वतः बिचारा पहाटेपासून कोरडा होता. आमच्याकडे उपासाच्या दिवशी घरात एरवीपेक्षा दोन पदार्थ जास्त होतात, हे मला त्या पोत्यांमागे बसून आठवलं आणि जरा लाज वाटली.

विचारण्याचं काम मात्र पुढे सरकेना. एकदा गाडीत जमवलं, तर त्याचा फोन वाजला आणि तो अर्धा तास हिंदीत कुणाला तरी पंपाचं सील कसं बदलायचं ते सांगत राहिला. एकदा गॅलरीत दोघेच होतो. मी सुरुवात केली, “शेठ तुझी चौकशी करत होते.” तो म्हणाला, “बरे आहेत ना?” मी म्हटलं, “बरे आहेत.” झालं. रात्री सुलभाने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलली.

शुक्रवार: काचेच्या आत

सुट्टीच्या दिवशी ईशाने आम्हाला बर्फावर नेलं. नितीन आम्हाला मॉलमध्ये सोडून ड्यूटीवर गेला होता. मॉलमध्ये चालत गेलं की एका बाजूला उंचच उंच काच लागते. काचेच्या अलीकडे पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले अरब, फिलिपिनो मुली, आपल्यासारखे वेंधळे. पलीकडे टोप्या, हातमोजे, झाडं, आणि लोक वरून खाली घसरत येताहेत. तिकिटाचा आकडा बघून सुलभाने दिरहमचे रुपये करायला मनात बाराने गुणलं, तिचे ओठ हललेले मला दिसले, आणि ती म्हणाली, “मी काचेतून बघते. फुकट दिसतंय की.” ईशाने तिचा हात सोडला नाही. मग साडीखाली नितीनची पँट, वर भाड्याचा निळा-लाल कोट, डोक्यावर लोकरी टोपी, अशी आमची सौ. तयार झाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला बघून मी प्रथमच तोंड फिरवून हसलो.

बुटांच्या काउंटरवर एक सावळा, हसरा तरुण होता. माझं आडनाव कागदावर वाचून तो मराठीत म्हणाला, “काका, मी आल्विन. वसईचा. नितीनदादाचे बाबा ना तुम्ही?” बूट कसले, लोखंडी पेट्याच त्या. तो गुडघ्यावर बसून माझ्या पायात ते घालत होता. “टाच खाली ठोका. अजून. अजून एकदा. बस, आता खलास, निघणार नाय.” मग त्याने सांगितलं की तो आधी हॉटेलात टेबलं पुसायचा. इथे लागल्यावर सुट्टीच्या दिवशी घसरायला शिकला आणि आता नव्या लोकांना शिकवतोही. “आमच्या वाडीत कुणाला खरं वाटत नाय. मम्मी बोलते, फोटो खोटा हाय.”

आत जायला दोन दारं आहेत, एकामागे एक. दुसऱ्या दाराच्या चौकटीवर पांढरा भुसभुशीत बर्फ धरला होता. तो बघितला आणि माझा हात आपोआप पुढे गेला. आमच्याकडे पाइपवर असा बर्फ चढला की थंडी पुढे जात नाही, म्हणून तो रोज खरवडून टाकायचा. मी अंगठ्याच्या नखाने चौकट खरवडायला लागलो आणि मागे वीस माणसांची रांग लागली. पहारेकरी नेपाळी होता. तो फार नम्रपणे म्हणाला, “सर, ये रहने दीजिए, इसी के पैसे लेते हैं.”

घसरण्याचं काय सांगू. ईशा माझ्यापुढे उभी राहून सूचना देत होती. “आजोबा, मेक अ पिझ्झा.” म्हणजे दोन्ही पट्ट्यांची टोकं जवळ आणायची आणि मागे फाकवायच्या, की वेग कमी होतो. मी टोकं जवळ आणली, ती एकमेकांवर चढली आणि मी बसलो. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. आल्विनने काखेत हात घालून उठवलं तेव्हा मी बसल्या बसल्या बर्फ मुठीत घेऊन दाबून बघत होतो. सवयच ती. मुठीत तो धरला नाही, भुगा होऊन निसटला.

संध्याकाळी नितीनने विचारलं, “कसा वाटला बर्फ?”

मी म्हटलं, “कच्चा आहे. मुठीत धरत नाही. असा बर्फ मी लाँचवाल्यांना दिला असता तर त्यांनी मला खाडीत बुडवला असता.”

सगळे हसले. नितीनही हसला, पण मग जेवण होईपर्यंत फारसा बोलला नाही. मला वाटलं दमला असेल. सुलभा भांडी आवरताना म्हणाली, “तो कौतुकाची वाट बघत होता. तुम्हाला एवढंही कळत नाही?” मला कळलं नव्हतं, हे कबूल करतो.

नवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या कारखान्यात त्या दिवशी मशीन धुऊन पुसून तिची पूजा होते. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. चौतीस वर्षांत माझी ही पूजा एकदाही चुकली नव्हती, आणि आता ऐन नवमीला मी शारजात. मी नितीनला म्हटलं, “तुझ्या मशीनची करू. मशीन ती मशीन.”

त्याला ते आवडलं असावं. त्याने साहेबांना विचारलं. साहेब ऑस्ट्रियाचे, बर्फाच्याच गावातले. त्यांनी सकाळी सहा ते सात एक तास दिला, मॉल उघडण्याच्या आधीचा. नितीनने अटी सांगितल्या. “बाबा, उदबत्ती नाही, कापूर नाही, स्मोक अलार्म आहे. नारळ घरी फोडून आणायचा. फटाफट करायचं, आणि माझ्या परमिशनशिवाय कशाला हात लावायचा नाही. माझ्या नावावर पास काढलेत.” झेंडूची फुलं बर दुबई भागातल्या देवळामागच्या गल्लीतून आणली होती.

मशीनरूमबद्दल मी काय लिहू? आमच्याकडे दोन कॉम्प्रेसर आहेत आणि त्यांच्याशी आम्ही भांडत भांडत दिवस काढतो. इथे रांगच होती. जमीन इतकी स्वच्छ की मी चपला काढल्या. चार देशांची चार माणसं नितीनच्या तोंडाकडे बघत उभी होती. एकाने आकडे वाचून दाखवले. नितीनने एका पाइपवर तळहात ठेवला, जरा थांबला आणि म्हणाला, “पाणी अजून थंड पाहिजे. दहा मिनिटं थांबा, मग चालू करा.” सगळे दहा मिनिटं थांबले. त्याची लॉगबुक टेबलावर होती. मी चाळली. रोजची नोंद, स्वच्छ अक्षर, कुठे खाडाखोड नाही. शाळेत या मुलाच्या वह्यांवरून मी त्याला बदडला होता.

सुलभाने कॉम्प्रेसरला हळदकुंकू लावलं, माळ घातली. चारही माणसं आपापल्या पद्धतीने गंभीर झाली. केरळचा होता त्याने हात जोडले. फिलिपिनो होता त्याने छातीवर क्रुसाची खूण केली.

मग नितीन आम्हाला आतल्या जिन्याने उताराच्या मध्यावर घेऊन गेला. बर्फ उडवणाऱ्या नळ्या वर छताला असतात, पण एक तिथे कठड्यापाशी खाली उतरवून ठेवली होती, दुरुस्तीनंतर चालवून बघायची म्हणून. आखूड तोफेसारखी दिसत होती. सुलभा म्हणाली, “खरं काम तर हीच करते, हिला नको का?” नितीन म्हणाला, “लाव, पण लवकर.” तिने तोफेच्या कपाळावर बोट टेकवलं, एक फूल खोचलं. तेवढ्यात नितीनच्या वॉकीटॉकीवर आवाज आला, “रेडी, बॉस.” आल्विन माझ्यासाठी कोट, बूट आणि पट्ट्या घेऊन सुलभाला जिन्याने खाली न्यायला आला आणि नितीन मला म्हणाला, “बाबा, पट्ट्या बांधा. खरा बर्फ दाखवतो.”

तोफ सुरू झाली, पाठोपाठ वरच्या सगळ्या. आधी नुसता फुस्कारा, मग धुकं, आणि मग ते धुकं पडायला लागलं. अर्ध्या मिनिटात समोरची भिंत गेली, छत गेलं, दिवे गेले. बर्फ भुवयांवर, नाकात, कॉलरच्या आत. आमच्याकडे वादळात लाँच बंदराबाहेर सापडते तेव्हा तांडेल म्हणतात की दिशा जाते. तशी दिशा गेली. मला फक्त नितीन दिसत होता, तोही छातीपर्यंत. तो माझ्याकडे तोंड करून, उलटा, उतारावर उभा होता. त्याने आपल्या दोन काठ्यांची टोकं माझ्या हातात दिली आणि दुसरी टोकं स्वतः धरली.

“माझ्याकडे बघा. खाली बघू नका. मी मागे जातो, तुम्ही या.”

आम्ही निघालो. शुक्रवारी पायाखाली किरकिर करणारा, घट्ट झालेला बर्फ होता. आज आवाजच नव्हता. घोट्याएवढा ताजा, कोरडा बर्फ. पट्ट्या त्यात बुडत होत्या आणि तरीही पुढे जात होत्या. दळणाच्या ताज्या पिठात हात घातल्यावर लागतं तसं काहीसं पायांना लागत होतं. मुठीत न धरणारा तो बर्फ कशासाठी तसा केलेला आहे हे मला तेव्हा समजलं. तो धरायचाच नव्हता, तो पायाखालून सुटायला हवा होता. मी चौतीस वर्षं जे टाळलं तेच हा मुलगा मुद्दाम, मापून, रोज करत होता. मी पडलो नाही. एकदा तोल गेला तेव्हा त्याने काठ्या किंचित ओढल्या आणि मी सरळ झालो. मला मजा आली, हे लिहायला संकोच वाटतो, पण आली.

खाली पोचलो तेव्हा नितीनच्या मिशांवर बर्फ होता. त्याने काही विचारलं नाही. मीही ‘छान’ म्हणालो नाही. शब्द तोंडात आला होता, पण त्यामागे कारखान्याचा प्रश्न उभा होता. एकदा छान म्हटलं की परत चल म्हणायला तोंड राहणार नाही, असा माझा हिशेब.

ऑफिसात

मी आणि सुलभा स्टाफच्या कॅन्टीनमध्ये, रमजानमुळे लावलेल्या पडद्याआड चहा पीत बसलो होतो. आल्विन धावत आला. “काका, तुम्हाला काय लागलं तर नाय ना? वर रक्त सापडलंय. मोठा डाग हाय, दहा-बारा फूट. सगळे स्टाफ मोजतात. कोण पडला ते कळत नाय. ओपनिंग थांबवलंय.”

तो आला तसा गेला. सुलभाने पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. मग अगदी हळू म्हणाली, “अहो, कुंकवाची पुडी.”

फूल खोचताना तिने पुडी तोफेच्या मागच्या कडेवर ठेवली होती. तोफ सुरू झाल्यावर वाऱ्याने ती उडाली असणार. पावशेर कुंकू ताज्या बर्फावर. रक्तासारखंच दिसणार.

पुढचं लिहू नये असं वाटतं, पण ते वगळलं तर बाकीच्याला अर्थ नाही. आधी भीती वाटली ती नितीनसाठीच. पास त्याच्या नावावर होते. पण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. याची नोकरी गेली, तर हा घरी येईल. विचारावंही लागणार नाही. मला क्षणभर बरं वाटलं. मी चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहिलो. सुलभा माझ्याकडे बघत होती. तिने ते ओळखलं की नाही हे मी अजून तिला विचारलेलं नाही. ती म्हणाली, “उठा.” मी उठलो.

साहेबांच्या ऑफिसात नितीन उभा होता. मी दारात असतानाच त्याचं वाक्य कानावर आलं, “इट वॉज मी, सर.” मशीनच्या पुस्तकांमुळे मला इंग्रजी वाचून आणि ऐकून कळतं. बोलताना जीभ अडते. मी आत गेलो आणि म्हटलं, “नो. मी. आय.” आणि नितीनला मराठीत म्हणालो, “त्यांना सांग, पूजा माझी, पुडी आमची. तू आम्हाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतंस.”

साहेब उंच, लालबुंद चेहऱ्याचे. त्यांनी आधी एवढंच विचारलं की ती पूड विषारी आहे का, कारण तोच बर्फ वितळून पुन्हा वापरतात. हळद आणि चुना, असं नितीनने सांगितलं. मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, “मशीनला हे का लावता?”

मी बोलत गेलो, नितीन सांगत गेला. आमच्याकडे एकदा गास्केट फुटून अमोनिया सुटला आणि दोन माणसं गेली होती, दोघं माझ्या शेजारी काम करणारी. वर्षभर आपण मशीनला राबवतो, एक दिवस तिच्यापुढे हात जोडतो की बाई, कुणाला घेऊ नकोस. साहेब ऐकत होते. ते म्हणाले, त्यांच्या गावात दर हिवाळ्याच्या सुरुवातीला पाद्री येतो आणि डोंगरावर माणसं नेणाऱ्या पाळण्यांवर मंत्राचं पाणी शिंपडतो. “अवर प्रीस्ट यूजेस वॉटर,” ते म्हणाले. “नेक्स्ट टाइम, वॉटर.” नितीनला लेखी ताकीद मिळेल, पण त्याहून जास्त काही नाही, असंही त्यांनी सांगितलं.

माझा जीव भांड्यात पडला. उठणार, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, “मग आज तुमच्या कारखान्यात ही पूजा कुणी केली?”

साधा प्रश्न होता. मी नितीनकडे न बघता म्हटलं, “सांग त्यांना, आज तिथे कुणी केली नसेल. दिवाळीनंतर कारखाना बंद होणार आहे. शेठ मला चालवायला देत होते, पण बरोबर माणूस नाही.”

नितीन सांगेना. मी वर बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता. हे त्याला आत्ता कळत होतं, साहेबांसमोर, आणि दुसऱ्याला सांगायचं म्हणून. मी आलो कशासाठी हेही त्याला त्याच वेळी कळलं असणार. साहेब वाट बघत होते. मग तो त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, “ही इज रिटायरिंग, सर. दे आर कमिंग टु लिव्ह विथ मी.”

मला शब्दन् शब्द समजला. मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. राग आला. कुणाला विचारून हा आमची राहण्याची जागा ठरवतो, असं वाटलं. पण मीही त्याची ठरवायलाच आलो होतो की.

नंतर आम्ही तिघं, नितीन, आल्विन आणि मी, फावडी घेऊन वर गेलो आणि लाल बर्फ बादल्यांत भरला. गुलाबी, केशरी, आणि मधे गडद तांबडा. फावडं हातात आल्यावर मला त्या जागी पहिल्यांदाच मोकळं वाटलं. आल्विन म्हणाला, “काका, तुम्ही तर प्रोफेशनल निघाले.” नितीन माझी बादली भरली की ती उचलून रिकामी बादली पुढे ठेवत होता.

परत

दसऱ्याला प्राचीने श्रीखंड केलं. राहिलेले दिवस आम्ही खाडीवर होडीत बसलो, सोन्याच्या दुकानांसमोरून सोनं न घेता चाललो, ईशाच्या शाळेचं फाटक बघितलं. कारखान्याचं नाव कुणी काढलं नाही. ते न काढण्यातच घरातल्या सगळ्यांची शक्ती खर्च होत होती.

विमानतळावर सामान देऊन झाल्यावर नितीन म्हणाला, “बाबा, तुम्ही मला न्यायला आला होतात ना?”

“हो.”

“मग विचारलं का नाही?”

“विचारणार होतो. मग तुझी मशीनरूम बघितली.”

सुलभा ईशाच्या वेणीचं रबर सारखं करत होती, आणि तिचे कान आमच्याकडे होते. मी म्हटलं, “मी तुझ्या जागी असतो तर मीही आलो नसतो. आणि त्या दिवशीचा बर्फ चांगला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

नितीनने मान हलवली. मग वाकून नमस्कार केला. आमच्या मागून एक ट्रॉली येऊन आदळली, ट्रॉलीवाला “यल्ला, यल्ला” म्हणत घाई करत होता, तरी तो लवकर उठला नाही. उठला तेव्हा म्हणाला, “इकडे राहायला येताय म्हटलं ते मी साहेबांना दाखवायला नाही बोललो. खरंच या.” मी म्हटलं, “इथे मी काय करू?” त्याने उगाच काही बनवून सांगितलं नाही.

शेठना मी ‘नाही’ कळवलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दिवाळी झाल्यावर एका सकाळी टाकी रिकामी केली, शेवटच्या लाद्या लाँचवाल्यांना दिल्या आणि पहिला कॉम्प्रेसर बंद केला, मग दुसरा. वॉल्व्ह मी स्वतः फिरवला. शेड इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. बाहेर गलबतांवर माणसं बोलत होती ते आत स्पष्ट ऐकू येत होतं.

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. नितीन होता. त्याने सुलभाकडून वेळ काढून घेतली असणार.

“बंद केलं?”

“केलं.”

त्याच्या बाजूने घरघर येत होती. तो मशीनरूममधून बोलत होता.

“बाबा, ऐकू येतंय का?”

“येतंय.”

मग त्याने फोन तसाच मशीनकडे धरून ठेवला, आणि मी बंद शेडमध्ये उभा राहून ऐकत राहिलो.